परातीच्या काठावरचं रान

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिला दमदार पाऊस पडून गेला होता आणि आम्ही तीस-पस्तीस जण कुदळी-फावडी घेऊन धुळ्याजवळच्या एका माळावर हजर झालो. साडेतीनशे खड्डे, साडेतीनशे रोपं, वर सगळ्यांना पोहे आणि चहा. करंज, कडुनिंब, गुलमोहर, काशीद, रोपवाटिकेत जे मिळालं ते लावलं. फोटो झाले. उतरताना एक ठेलारी मेंढपाळ भेटला. काठीवर हनुवटी टेकून तो मघापासून आमच्याकडे बघत होता. म्हणाला, "झाडं लावी ऱ्हायनात, चांगलं शे. पन आमना मेंढरं काय खातीन?" आम्ही हसलो. कुणीतरी उलट त्यालाच झाडाच्या सावलीचं महत्त्व समजावून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त रोपं जळाली. खड्ड्यांभोवती उकरलेल्या मातीत गाजरगवताने बस्तान बसवलं. त्याच माळावर मी आधी बरीच वर्षं धाविक बघत आलो होतो. हा टिटवीच्या अंगलटीचा, लांब पायांचा, मातकट रंगाचा पक्षी उघड्या जमिनीवर पळत पळत किडे टिपतो आणि घरटं न बांधता सरळ मातीवर, खड्यांच्या आडोशाने अंडी घालतो. तो त्यानंतर तिथे मला दिसला नाही. आमच्यामुळेच गेला असं शपथेवर सांगता येणार नाही, पण मनात ते कायमचं राहिलं. तो माळ आमच्या लेखी रिकामा होता. सरकारी कागदातही अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात, मग आमचं तरी काय चुकलं, असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली.

चूक एका शब्दाच्या अर्थात होती: अधिवास. शब्द पुस्तकी आहे, पण भानगड साधी आहे. खानदेशात मुलगी द्यायची म्हटलं की शेती किती हे नंतर, आधी गावाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतात. मग घर कसं आहे, जनावरांना चारा आहे का, बाजार किती लांब. प्राणीही तेच विचारतो. चारा, पाणी, लपायला-निजायला आडोसा, आणि फिरायला पुरेशी जागा. या चार गोष्टी त्याच्या रोजच्या चालीच्या टप्प्यात असल्या तरच ती जागा त्याचा अधिवास. चारा डोंगराच्या अलीकडे, पाणी पलीकडे आणि मधे चौपदरी रस्ता असेल, तर नकाशावर सगळं हिरवं दिसूनही प्राण्याच्या दृष्टीने तिथे घर नाही.

शिवाय प्रत्येकाचं घर वेगळं. चिंकाऱ्याला मोकळं माळरान हवं, कारण तो लांबवरचा शत्रू बघून पळण्यावर जगतो. पाणी तो पाल्यातूनही बरंचसं मिळवतो, त्यामुळे दिवसचे दिवस पाणवठ्यावर आला नाही तरी त्याचं भागतं. भेकराला उलट दाट झाडी लागते. सायाळीला खडकाच्या कपारी किंवा बिळं. म्हणून 'जंगल वाढवा' या वाक्याला तसा अर्थ नाही. कुणासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

आता खानदेशचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री, आणि मधून तापी गुजरातकडे निघालेली. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे म्हणजे कणीक मळायची परात. मधला सपाट, काळ्या मातीचा भाग आपण कापूस, केळी, ऊस, मक्याला घेतला. रान उरलं ते परातीच्या काठावर. यावल अभयारण्य (१९६९ साली जाहीर झालेलं, सुमारे १७८ चौरस किलोमीटर) सातपुड्याच्या काठावर, अनेर धरण अभयारण्य (१९८६, सुमारे ८३ चौरस किलोमीटर) त्याच काठाच्या पश्चिमेला, शिरपूर तालुक्यात. चाळीसगावहून पाटणादेवीला गेलात की दक्षिणेच्या काठावरचं गौताळा औट्रमघाट लागतं. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं तर प्राण्याला परातीतून, म्हणजे आपल्या शेतांतून जावं लागतं. आणि तो जातोच.

काठावरच्या रानाचा सगळ्यात मोठा धडा मात्र एका वितभर पक्ष्याने दिला आहे. रानपिंगळा. हे घुबड १८७३ साली शास्त्राला माहीत झालं. पुढच्या दशकात खानदेशात त्याचे काही नमुने गोळा झाले आणि १८८४ नंतर त्याचा पत्ताच लागेना. मधे एक १९१४ सालचा म्हणून नमुना संग्रहालयात होता, पण तो जुनाच चोरलेला आणि चिठ्ठी बदललेला असल्याचं अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी शोधून काढलं. म्हणजे जिथे तो नव्हताच तिथे लोक त्याला शोधत राहिले होते. त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या रानात, भर सकाळी, पानं गळलेल्या झाडावर तो बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता, शहादा धुळ्यात होतं. पुढे यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातही तो सापडत गेला, आणि २०१८ मध्ये त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर आला.

याला लागतं काय? घनदाट अरण्य नाही. विरळ, कोरडं सागाचं रान, बसायला उघड्या फांद्या, खाली सरडे-उंदीर दिसतील अशी जमीन. तो दिवसा शिकार करतो, त्यामुळे खालचं स्वच्छ दिसणं महत्त्वाचं. आणि घरट्यासाठी ढोली. ढोली त्याला स्वतःला कोरता येत नाही. सुतार पक्ष्याने कोरलेली किंवा फांदी मोडून खोड पोकळ झालेली जागा तो वापरतो. अशी ढोली जुन्या, वाकड्या, अर्धवट वाळलेल्या झाडाला असते. लाकडाच्या हिशेबात हे झाड निकामी. जळणाला जाणारं पहिलं झाडही तेच, आणि 'जंगल साफ करा' म्हटलं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. तोडलं तर कुणाची तक्रारही येत नाही, वाळकंच तर होतं! त्या जागी दहा नवी रोपं लावली तर कागदावर झाडं नऊने वाढली. पण सागाच्या रोपाला ढोली धरायला माणसाचं आयुष्य जाईल. तोवर पिंगळ्याने कुठे राहायचं?

म्हणून अधिवास सांभाळायच्या कामातलं पहिलं काम मला 'काही न करण्याचं' वाटतं. आहे ते उभं राहू देणं. हे ऐकायला सोपं, करायला फार अवघड, कारण न केलेल्या कामाचं बिल निघत नाही आणि उद्घाटनही होत नाही.

काही कामं मात्र करावीच लागतात. पाण्याचंच घ्या.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजायची पद्धत आपल्याकडे आहे. एका वर्षी मीही यावलच्या रानात मचाणावर होतो. दिवसभराच्या ४४-४५ अंशांनी तापलेले दगड रात्री अकरापर्यंत ऊब सोडत होते. खाली सिमेंटचा, बशीसारखा उथळ पाणवठा, टँकरने भरलेला. नऊच्या सुमाराला दोन ससे आले. मग बराच वेळ नुसते बेडूक. साडेबाराला कोरड्या पानांवर कुणीतरी पोतं ओढतंय असा आवाज आला, आणि एक सायाळ, काटे खुळखुळवत, आमच्या बरोबर खालून गेली. पाणी पिताना ती दर चार घोटांनी थांबून मागे बघायची. पहाटे रानडुकरांचा कळप येऊन सगळं ढवळून गेला. बिबट्या आला नाही. सकाळी बघतो तर मचाणामागच्या धुळीत त्याचे ताजे ठसे. तो आम्हाला बघून गेला होता.

सोबतच्या वनरक्षकाने सकाळी पहिलं काम केलं ते पाण्याकडे बघायचं. मेलेले बेडूक, मेलेल्या मधमाश्या काही आहेत का. उन्हाळ्यात पाण्याची जागा एकच उरली की शिकारीवाल्याचं काम सोपं होतं, पाण्यात विष कालवलं की झालं. पाणवठा बशीसारखा का, हेही त्यानेच दाखवलं. सरळ भिंतीच्या टाक्यात सरडे, खारी, पिल्लं पडून बुडतात. उतार हवा, खरबरीत हवा. काठाला थोडे दगड हवेत, म्हणजे पाखरांना बसता येतं.

पण पाणवठा म्हणजे पुण्यकाम, जितके जास्त तितकं बरं, असं नाही. पाणी ठेवलं की चरणारे प्राणी तिथेच घोटाळतात. आसपासचं गवत मुळापासून खाल्लं जातं, जमीन तुडवली जाते, आणि रोग पसरायचा तर एकाच बशीतून सगळ्यांना पसरतो. चारा नसलेल्या ठिकाणी पाणी ठेवलं तर प्राण्याला आपण उपाशी राहण्याच्या जागी बोलावलं. त्यापेक्षा नदीच्या कोरड्या पात्रातले जुने झिरे उकरून मोकळे करणं, नाल्यात दगडांचे छोटे बांध घालणं कमी खर्चाचं आणि जास्त टिकाऊ. याचा फायदा खालच्या शेतकऱ्यालाही होतो. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात, तिथे डोंगरातून आलेलं पाणी झपाट्याने जमिनीत मुरतं. रावेर-यावलच्या केळीला बोअरवेलमधून मिळणारं पाणी बरंचसं तिथून येतं. डोंगर उघडा पडला की पावसाचं पाणी मुरायच्या आधीच माती घेऊन तापीत जातं. केळीचा घड आणि डोंगरावरचा सालईचा वृक्ष यांचा संबंध इतका सरळ आहे, तरी केळी परिषदांतून तो फारसा बोलला जात नाही.

दुसरं करायचं काम आगीचं. आपलं रान पानगळीचं. फाल्गुन येईतो जमिनीवर वाळक्या पानांची गादी झालेली असते. साधारण १५ फेब्रुवारीपासून वन खात्याचा वणव्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरलेल्या रुंदीचे पट्टे साफ करून, त्यातला कचरा देखरेखीखाली जाळून टाकतात, की पुढे आग लागली तर तिला ओलांडता येऊ नये. आता उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो, पण विझवायला शेवटी हिरव्या फांद्या घेतलेली माणसंच धावतात. बहुतेक आगी माणसाकडूनच लागतात. मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पानं पेटवतात, ती आग डोंगर चढते. यावर नुसती दमदाटी करून उपयोग नाही, ज्याचं घर मोहावर चालतं तो फुलं वेचणारच. झाडाखाली जाळी बांधली किंवा खराट्याने पानं बाजूला ओढली तरी काम होतं, आणि फुलं मातीशिवाय मिळतात, म्हणजे भावही बरा.

तिसरं काम उपटण्याचं. घाणेरी, रानतुळस, गाजरगवत, माळावर वेडी बाभूळ. या बाहेरून आलेल्या वनस्पतींचा पाला गुरंही नीट खात नाहीत आणि रोही, म्हणजे नीलगायीही, खात नाहीत. त्या पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी अशा कसदार गवतांची जागा घेतात. हिरवंगार दिसतं, पण चाऱ्याच्या नावाने शून्य. मग रोही हरभऱ्यात उतरते आणि शेतकरी रात्रभर डबे वाजवत बसतो. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं खोड जमिनीखाली चार बोटं खोल, मुळाच्या सांध्यात तोडून, उलटं करून टाकावं लागतं. रानतुळस फुलायच्या आधी, पावसाळा संपायच्या आत उपटावी लागते. जमिनीत बी पडलेलं असतं, त्यामुळे एका वर्षाने भागत नाही. आणि रिकाम्या झालेल्या जागी लगेच गवताचं बी टाकलं नाही, तर तीच बया परत येते. धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात हिवाळ्यात एकदा जाऊन या. पिवळं गवत कमरेइतकं आणि त्यात तित्तरांची हाक ऐकली की कुरण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही. तिथल्या जुन्या बंगल्याचं नाव लांडोर बंगला आहे, यातच काय ते आलं.

आता परातीतून जाणाऱ्यांकडे वळू. मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णेच्या काठी डोलारखेडा परिसरात वाघ राहतात. मोठं अरण्य म्हणावं असं तिथे काही नाही. नदीच्या घळी आहेत, काटेरी झुडपं आहेत, कापूस आणि केळी आहे. हे वाघ पूर्वेकडचं मेळघाट-अंबाबरवा आणि पश्चिमेकडचं यावल यांना जोडणाऱ्या वाटेवरचे. अशा वाटेला भ्रमणमार्ग म्हणतात. वाघाचा बच्चा मोठा झाला की त्याला आईचा इलाखा सोडून स्वतःचा शोधावा लागतो. वाट बंद असेल तर तो लढून मरतो किंवा गावात शिरतो. एका तुकड्यात अडकलेल्या थोड्या प्राण्यांची आपसांतच पैदास होत राहते आणि पिढी कमकुवत होत जाते. म्हणून या भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव असा दर्जा मिळाला, सुमारे १२२ चौरस किलोमीटरचा. 'संवर्धन राखीव' हा प्रकार वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. अभयारण्यांना किंवा राष्ट्रीय उद्यानांना जोडणाऱ्या सरकारी जमिनी राखायला तो वापरतात, आणि तो करताना स्थानिक लोकांशी बोलावं लागतं. नियम अभयारण्याइतके कडक नसतात. पण नुसता दर्जा वाघाला रस्ता ओलांडून देत नाही. मुंबई-कोलकाता महामार्ग आणि भुसावळहून खंडव्याकडे जाणारी रेल्वे याच मुलखातून जाते. वाघाच्या हिशेबात नाल्यावरची एक रुंद, कोरडी मोरी लाखाची. शेतकऱ्याच्या हातात आहे ते एवढंच की नाल्याच्या दोन्ही काठांची शिंदी, करंज, जांभूळ राहू द्यायची. अगदी काठापर्यंत नांगर नेऊन नाला उघडा केला की परात ओलांडायची ती झाकलेली वाट गेली.

केळीच्या बागेत बिबट्या का राहतो, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. वरची चार गरजांची यादी लावून बघा. ठिबकमुळे पाणी आणि गारवा, आडोसा भरपूर, खायला डुकरं, कुत्री. त्याच्या नजरेने बाग हे रानच. फरक कापणीच्या दिवशी कळतो. पिल्लं सापडली तर ती उचलून गावात आणायची नाहीत, वन खात्याच्या देखरेखीखाली त्याच जागी रात्रभर ठेवायची. मादी बहुतेक वेळा येऊन घेऊन जाते. आणि दिसला बिबट्या की पिंजरा लावून लांब सोडा, ही मागणी समजण्यासारखी असली तरी उपाय म्हणून कच्ची आहे. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत हे करून पाहिलं गेलं, आणि नव्या जागी सोडलेले बिबटे तिथल्या माणसांसाठी जास्त धोक्याचे ठरले. रिकामी झालेली जागा तर दुसरा बिबट्या घेतोच. माणसांवर हल्ले करणारा प्राणी ही वेगळी गोष्ट. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणा पट्ट्यातल्या लोकांनी जे भोगलं, त्यांना कुणी अधिवासाचं व्याख्यान देऊ नये.

पाण्यातलेही अधिवास आहेत. तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकदंब, चक्रवाक, लालसरी उतरतात. तिथे पक्ष्यांना खोल पाणी फारसं नको असतं, पाणी ओसरताना उघडा पडणारा चिखल हवा असतो. त्याच गाळपेराच्या जमिनीवर टरबूज-खरबुजाच्या वाड्या होतात, आणि उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतो. वाळूचा ट्रॅक्टर पात्रात उतरला की ती अंडी चाकाखाली जातात. बाकी वाळूबद्दल इथे न लिहिलेलंच बरं.

हे सगळं सरकारनेच करायचं का? साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोडका झालेला डोंगर चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी राखायला घेतला. कुऱ्हाडबंदी, चराईचे नियम, राखणदार, मोडलं तर दंड, आणि दंड घेणारं गावच. सुमारे ११०० एकरांवर रान पुन्हा उभं राहिलं. ते उभं राहिलं मुख्यतः जुन्या खोडांना फुटवे फुटू दिल्याने. तिथे दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते, बायका शेकडो प्रकारच्या भाज्या रांधून आणतात. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आता ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळून रान राखायचा कायदेशीर अधिकारही येतो. सातपुड्यातल्या काही पाड्यांनी तो घेतला आहे. काही ठिकाणी दावे आणि अतिक्रमण यांची गुंतागुंत इतकी आहे की दोन परिच्छेदांत मांडणं अन्यायाचं होईल.

आमच्या त्या माळाचं सांगायचं राहिलं. मागच्या तीन पावसाळ्यांत आम्ही तिथे एकही रोप लावलं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तीन-चार रविवार जायचं, रानतुळस आणि गाजरगवत उपटायचं, हातमोजे घालून, कारण गाजरगवताने अंगाला खाज सुटते. जुना गट पस्तीसचा होता, आता आम्ही सहा-सात उरलो. जगलेल्या करंजांपैकी दोन ठेवले आहेत. ठेलारींचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबं, दिवाळीनंतर येतात तेव्हा मेंढ्या काही दिवस माळाच्या खालच्या अंगालाच चरवायच्या, एवढं तोंडी ठरलंय. या वर्षी मधल्या भागात पवन्या चांगला वाढला. धाविक अजून दिसलेला नाही, चंडोल मात्र आहेत. ग्रुपवर टाकायला उपटलेल्या रानतुळशीच्या ढिगाचा एक फोटो होता. त्याला चार लाइक आले, त्यातला एक माझाच.